उजव्या खांबाचा बुंधा

इस्माईलचाचा, तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मला आधी बरं वाटलं. रडू नंतर आलं, उरणच्या बसमध्ये, जासईच्या पुढे कुठेतरी.

हे मी चाचीशिवाय अजून कुणाला बोललेले नाही. आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, माणूस गेल्यावर बरं कसलं वाटतंय, तुझ्या जिभेला काही हाड? पण तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुम्ही स्वतःच उशांच्या ढिगाला टेकून म्हणाला होतात, "सुनंदा, मना आता काय नको. फक्त एकदा आडवा पडून झोपायचं हाय." किती महिने तुम्ही बसूनच झोपत होतात. जरा आडवं झालं की दम कोंडायचा आणि चाची धावत येऊन तुम्हाला पुन्हा बसतं करायची. त्यामुळे रफिक फोनवर म्हणाला, "अब्बा पहाटे गेले, ताई. त्रास नाय झाला," तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की चला, चाचा एकदाचे आडवे झाले.

फोन शेजारच्यांकडे आला होता. शेजारीण दार धरून उभी, माझ्या तोंडाकडे बघत. तिच्यासमोर हुश्श करायची चोरी. मी फक्त हो हो म्हणत राहिले आणि घरी येऊन पिशवी उचलली.

दुसरं बरं वाटायचं कारण जरा माझ्या स्वार्थाचं आहे. आपलं भांडण मिटलेलं होतं. म्हणजे मिटलं नव्हतंच, पण अबोला संपला होता. तो तसाच राहिला असता आणि तुम्ही गेला असता, तर मी जन्मभर प्रत्येक दाराची चौकट बघून तुमच्याशी मनात वाद घालत बसले असते. तसा तो मी अजूनही घालते, पण आता हसत घालते.

आपली गाठ कळंबोलीला पडली, पाटीलशेठच्या गॅरेजात. पुढे ट्रकच्या बॉड्या बांधायचे आणि मागच्या शेडमध्ये शेठच्या हौसेच्या जुन्या गाड्या. मी तोवर लोखंडी कपाटं रंगवत होते. लोकांना गोदरेजी करडा रंग नको असायचा, कपाट सागवानी दिसायला हवं असायचं. आमच्या सेक्टरातल्या विहाराचं कपाट मी असंच सागवानी करून दिलं होतं. पाटीलशेठ जयंतीला वर्गणीदार पाहुणे म्हणून आले, त्यांनी कपाटावर हात फिरवला, टिचकी मारली आणि म्हणाले, "आयला, पत्रा आहे हा! मॅडम, उद्या गॅरेजला या, तुमच्यासाठी काम आहे."

काम म्हणजे हे: त्या जुन्या अमेरिकन गाड्यांत डॅशबोर्ड आणि काचांभोवतीच्या पट्ट्या दिसतात लाकडाच्या, पण असतात पत्र्याच्या. कंपनीतच पत्र्यावर लाकडाच्या रेषा उठवलेल्या असतात. उन्हापावसाने त्या उडून जातात, आणि मालकाला तर गाडी होती तशीच्या तशी हवी असते. मग तेच लाकूड पुन्हा पत्र्यावर रंगवायचं. म्हणजे खोट्या लाकडाची नक्कल करायची, आणि ती खरी दिसली पाहिजे.

तुम्ही त्याच शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात. तुमच्याकडे त्या गाड्यांचं खरं लाकूड होतं. बाहेरच्यांना माहीत नसतं, पण त्या काळच्या गाडीच्या अंगात, पत्र्याच्या आड, दारांचा सांगाडा लाकडाचा असतो, तळाच्या फळ्या लाकडाच्या असतात. उरणला होड्या बांधण्यात तुमचं अर्धं आयुष्य गेलेलं, मग ट्रकच्या बॉड्या, मग हे. तुम्ही केलेलं लाकूड पत्र्याखाली जायचं आणि कुणाच्या नजरेस पडायचं नाही. मी केलेलं लाकूड लाकूडच नव्हतं आणि सगळे त्यावरून हात फिरवायचे. तुम्हाला ते कधी खुपलं का, हे मला विचारायचं राहिलं. खुपलं नसावं. तुम्ही एवढंच म्हणायचात, "माजं दिसलं म्हनजे समजायचं गाडी मोडली."

माझं पहिलं काम बघायला तुम्ही चहाचा ग्लास घेऊनच आला होतात. एक दाराची पट्टी होती. प्रायमर मारून, वर पिवळसर तपकिरी हात देऊन, वॉटर पेपरने घासून गुळगुळीत केलेली. त्यावर गडद रंग ओढून, हवाई चपलेच्या रबराला खाचा पाडून केलेल्या फणीने मी रेषा काढल्या होत्या. मध्ये हौसेने एक गाठही घातली होती. मी खूश होते.

"कंचं झाड ह्ये?" तुम्ही विचारलंत.

"सागवान."

"कुठल्या रानातलं? हितं डोंगर वर चाललाय आनि गाठीचं तोंड खाली. फांदी कदी जमिनीत शिरते काय गो?"

मला राग आला. नवीन ठिकाणी, पहिल्याच आठवड्यात, एक म्हातारा येऊन माझ्या गाठीत खोड काढतोय. मी म्हटलं, "चाचा, कपाटवाल्यांनी आजवर तक्रार केली नाही."

"कपाटवाल्यांनी झाड बगितलं नसंल," तुम्ही म्हणालात आणि उरलेला चहा पिऊन निघून गेलात. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर रंधा मारलेला फळीचा एक तुकडा होता. नुसता तुकडा, निरोप नाही, काही नाही. तो समोर ठेवून मी दिवसभर रेषा काढत बसले.

पुढे तुम्ही तुकडे आणत गेलात आणि मी शिकत गेले. फळीवर ज्या टोकदार कमानी एकावर एक दिसतात त्यांना तुम्ही डोंगर म्हणायचात. डोंगराचं टोक शेंड्याकडे, पाया बुंध्याकडे. हे एकदा कळलं की कुठलीही फळी झाडात कशी उभी होती ते सांगता येतं. तुमच्या लेखी ही करमणूक नव्हती. खांब उभा करायचा तर बुंधा खाली, शेंडा वर, जसा तो झाडात होता तसा. घराचा खांब असो, दाराची चौकट असो, होडीचा पुढचा उभा वासा असो. उलटा लावलेला खांब माणसाला स्वस्थ बसू देत नाही, हे तुम्ही इतक्या सहज सांगायचात की जणू पाऊस कुठून येतो ते सांगताय. तुमच्या वडिलांनी म्हणे एका मशिदीच्या ओसरीचा उभा केलेला खांब सगळ्यांदेखत उतरवून फिरवून लावला होता.

मी हसायचे. आमच्या घरात असलं काही चालत नाही हे तुम्हाला माहीत होतं. बाबांनी महाडकडचं गाव सोडून तळोज्याच्या कारखान्यात नोकरी धरली तेव्हाच शकुन-अपशकुनाचं गाठोडं तिकडे टाकून दिलं होतं. मी म्हणायचे, "चाचा, मेलेल्या लाकडाला काय कळतं वर कुठलं नि खाली कुठलं?" तुम्ही म्हणायचात, "त्याला नाय कलत. मना कलतं ना."

चांगले दिवस होते ते. तळोज्याकडून वारा सुटला की कारखान्यांच्या वासाने डोळे चुरचुरायचे आणि माझं वरच्या चकाकीचं, लॅकरचं काम बंद पडायचं, कारण ओल्या लॅकरवर काजळी बसते. मग तुम्ही डबा उघडायचात. चाचीची तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. मी माझी भाजी पुढे सरकवायचे आणि तुम्ही तिला नावं ठेवत ठेवत संपवायचात.

आणि मग कामतबाईंची गाडी आली.

कामतबाई माटुंग्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला मोजक्या. गाडी त्यांच्या वडिलांची. मध्ये ती कुणाला भाड्याने दिलेली, त्याने आतल्या सगळ्या पट्ट्यांना करडा रंग फासून ठेवला होता. बाई म्हणाल्या, "मला चकचकीत नकोय. मला ती आमची हवीय. मी लहानपणी जिथे बसायचे तिथे बसल्यावर मला कळलं पाहिजे, की हीच."

करडा रंग खालचं न दुखावता काढायचा म्हणजे नाजूक काम. पाटीलशेठने ते तुम्हाला दिलं, तुमच्या हाताला पटाशीची सवय म्हणून. बऱ्याच पट्ट्यांखाली काही उरलंच नव्हतं. पण पुढच्या काचेच्या उजव्या खांबावरच्या पट्टीवरून तुम्ही करड्या रंगाचा पापुद्रा उचललात आणि आतून कंपनीचं मूळ काम जसंच्या तसं वर आलं. रेषा, डोंगर, सगळं. मी ओरडलेच. आता नमुना मिळाला होता. तो कागदावर छापून घ्यायचा आणि पुऱ्या गाडीला लावायचा.

तुम्ही मात्र पट्टी खांबाला लावून बघितलीत, काढलीत, पुन्हा लावलीत.

"उलटी हाय," तुम्ही म्हणालात.

खरंच होती. डोंगरांची टोकं खाली, पाया वर. डाव्या खांबाचे डोंगर सरळ आणि उजव्याचे उलटे. मी तुम्हाला समजावलं, की तिथे सुतार नव्हता, चाचा, रेषा छापणारा रूळ होता. एकाच रुळाने एका बाजूने चढत गेले आणि दुसऱ्या बाजूने उतरत आले. तुमचं एकच पालुपद, "त्यांना नसंल कलत. आपल्याला कलतंय ना? मग आपन सरल करायची."

"पण कामतबाईंना होती तशी हवीय."

"बाईला काय ठावं डोंगर कुठं बघतोय ते?"

"मला ठाऊक आहे ना! नमुना समोर असताना मी वेगळं कसं काढू?"

त्यानंतर आपण काय काय बोललो ते सगळं इथे काढत नाही. तुम्ही म्हणालात, खोटंच करायचं तर निदान शहाण्या मानसासारखं कर. मी म्हटलं, तुमच्या होड्या आता फायबरच्या झाल्यात, तिथे जाऊन बुंधा शोधा. दोघांनाही लागलं. पाटीलशेठ मध्ये पडले, "अरे यार, एका पट्टीसाठी काय टेन्शन घेताय दोघं!" त्यांनाही आपण दोघांनी मिळून गप्प केलं. तुम्ही हत्यारांची पिशवी उचललीत आणि गेलात. दुसऱ्या दिवशी आला नाहीत. तिसऱ्याही नाही.

मला वाटलं, रुसलात. मीही म्हटलं, रुसा.

वर आणखी एक घोळ होता. त्या पट्टीचा मूळ रंग एका टोकाला फुगून सुटत होता, त्यामुळे नमुना उतरवून घेतल्यावर ती पट्टीही नव्यानेच करायला लागणार होती. मी बाकी सगळी गाडी केली. डॅशबोर्ड, दारं, मागची काच, डावा खांब. उजव्या खांबाची पट्टी तेवढी तपकिरी हात देऊन कोरी ठेवली. उलटी काढली असती तर तुमच्या पाठीमागे तुम्हाला हरवल्यासारखं झालं असतं, आणि सरळ काढली असती तर कामतबाईंना फसवल्यासारखं. पाटीलशेठ रोज येऊन बघायचे आणि कपाळाला हात लावायचे. "मॅडम, बाईंचा फोन येतो. काय सांगू, सुतार आणि पेंटरचं भांडण चालूय म्हणून?"

शेवटी मीच ती पट्टी जुन्या साडीत गुंडाळली, रंगांचे डबे पिशवीत घातले आणि उरणची बस धरली. वाटेत मनाशी सगळी वाक्यं तयार केली होती. तुमच्या दारात आले आणि चाची म्हणाली, "रागावलेले नाय गो बाय, दम लागतो त्यांना. उठवत नाय." आत तुम्ही उशांना टेकून बसलेले, खांदे वर आलेले, एकेक शब्दाला थांबणारे. माझी सगळी वाक्यं तिथेच राहिली. मला इतकी लाज वाटली की तुम्ही आजारी आहात हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं, की रुसला नव्हता. त्या दिवसापासून हे बरं वाटणं माझ्या मागे लागलंय बघा.

"आनलीस?" तुम्ही विचारलंत. पट्टी मांडीवर घेतलीत. उलटीसुलटी केलीत, बोटाने टकटक केलीत. मग म्हणालात, "ही वाजते. गाडी चालू झाली की ही खांबावर वाजनार. मागं पोकल हाय."

मग तुम्ही रफिकला मागच्या पडवीत पाठवलंत. कधीकाळी मोडलेल्या एका होडीचा सागाचा तुकडा तिथे ठेवला होता. रफिक बंदरावर कंटेनरच्या कामाला, त्याला सागाचा तुकडा कुठला ते कळेना, त्याने तीन वेळा भलतंच काहीतरी आणून दाखवलं. तुम्ही हताश होऊन माझ्याकडे बघितलंत. "ह्याला कंटेनर दिसतो, फली दिसत नाय. माज्यामागं कोन बगनार गो ह्यं?" मग मी गेले आणि घेऊन आले.

बसल्या बसल्या, थांबत थांबत, तुम्ही त्याची एक पातळ पाचर रंधलीत. पट्टीच्या मागच्या खोलगट भागात चपखल बसेल अशी. बुंध्याकडचं टोक खाली. घालून बघायचात, काढायचात, पुन्हा रंधा. चाची म्हणत होती पुरे करा, आणि तुम्ही नाही म्हणून नुसती मान हलवत होतात. पाचर बसली तेव्हा तुम्ही पट्टीवर टिचकी मारलीत. आवाज बंद.

"आता हिचं लाकूड सरल हाय," तुम्ही म्हणालात. "म्होरं तुजा रंग उलटा नाचू दे नायतर पालथा. मना काय."

मी तिथेच ओसरीवर काम सुरू केलं. चपलेच्या रबराची तीच फणी होती. उलटे डोंगर काढायची वेळ आली तेव्हा तुम्ही चक्क तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसलात. झालं म्हटल्यावर वळलात, बराच वेळ निरखलंत आणि म्हणालात, "चांगली झालीय. वायट झालीय, पन चांगली झालीय." चाची हसायला लागली, मग मी, मग तुम्ही, आणि तुमचं हसणं खोकल्यात गेलं आणि आम्ही दोघींनी तुम्हाला धरलं.

कामतबाई गाडी न्यायला आल्या. पुढे, उजव्या अंगाला, ड्रायव्हरच्या जागी बसल्या. लहानपणी वडिलांच्या मांडीवर त्या तिथेच बसायच्या म्हणे. बाईंनी खांबावर हात ठेवला. पट्टी बघितली आणि एकदम शाळकरी मुलीसारख्या म्हणाल्या, "अगं, आइस्क्रीमचे कोन!" खाली टोक, वर पसरट. त्या उलट्या डोंगरांना त्या लहानपणी आइस्क्रीमचे कोन म्हणायच्या आणि वडिलांच्या मांडीवर बसून ते मोजायच्या. मग त्या बाजूला सरकल्या, पाटीलशेठने गाडी सुरू केली आणि महामार्गाच्या कडेने एक फेरी मारून आणली. उतरल्यावर बाई म्हणाल्या, "एकच गोष्ट वेगळी आहे. पूर्वी हा खांब वाजायचा."

हे तुम्हाला सांगायला मी मुद्दाम आले होते, आठवतं? मी आइस्क्रीमवर जोर देऊन सांगत होते, कारण त्यात माझा विजय होता. तुम्ही फक्त शेवटचं ऐकलंत. "वाजत नाय म्हनाली ना? बस." आणि समाधानाने डोळे मिटलेत. आपण दोघंही जिंकलो होतो. दोघांनीही ते कबूल केलं नाही.

त्या दिवशी निघताना आभार मानायला हवे होते. मी "येते" एवढंच म्हटलं. आता मी कुठेही गेले, बँकेत, दवाखान्यात, की आधी दाराची चौकट बघते. कामोठ्यात नवीन इमारती उठतायत, तिथे एका घरात मी मागे एकदा सुताराला थांबवलं आणि म्हटलं, दादा, ही बाजू खाली घ्या. त्याने विचारलं का, तर मला सांगता येईना. माझा विश्वास नाहीच त्यावर. पण मला दिसतं, चाचा, आणि दिसल्यावर गप्प बसवत नाही. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही किती मिजास केली असती. सांगायला हवं होतं.

आता परवाचं सांगते, कारण ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

मी पोचले तेव्हा घर भरलं होतं. बायका आतल्या खोलीत. मी चाचीजवळ बसले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बगितलंस गो, कसे सरल झोपलेत." मी बघितलं. खांदे खाली आले होते. मला तेव्हा जे मोकळं वाटलं ते मी चाचीला बोलून दाखवलं, आणि ती म्हणाली, "मना पन." दोघी रडलो, पण ते रडणं जड नव्हतं.

जरा वेळाने रफिक दारात आला. "ताई, जरा भायेर येता?"

अंगणात कबरीच्या फळ्या येऊन पडल्या होत्या. आंब्याच्या, नुकत्या चिरलेल्या. रफिकने मला सांगितलं, की या आत तिरप्या लागतात, एक टोक खाली मातीत, एक टोक वर भिंतीला, आणि मग वरून माती लोटतात. मग म्हणाला, "अब्बा बोलून गेलेत. फल्या तरी सरल लावा, बुंधा खाली. ताई, मना नाय कलत. तुमालाच कलेल."

एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "अरे, असलं काय नसतं आपल्यात. चला, वेल होतोय."

"नसतं, काका," रफिक म्हणाला. "पन अब्बांचं होतं."

गृहस्थ पुढे झाले. त्यांनी स्वतःच वाकून पहिली फळी माझ्यापुढे आडवी धरली.

चाचा, मी आयुष्यभर पत्र्यावर लाकूड रंगवलं. खऱ्या फळीला कामासाठी म्हणून हात लावला तो परवा, आणि तो तुमच्यासाठी. मी खाली बसले. पिशवीत रेषा आखायचा खडू होता. प्रत्येक फळीवरून हात फिरवायचा, डोंगर बघायचे, गाठीचं तोंड बघायचं आणि वर जाणाऱ्या टोकाकडे खडूने बाण काढायचा. सगळे भोवती उभे होते, कुणी घाई केली नाही. माझे डोळे चुकत नव्हते. तुम्ही शिकवलेलं सगळं आपसूक दिसत होतं. इतके दिवस ज्यावरून मी तुमच्याशी भांडले तेच मी तिथे खडू घेऊन करत बसले होते, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. कुणीतरी बघणारं होतं तुमच्यामागे, एवढंच वाटलं.

फक्त शेवटची फळी. ती मला कळली नाही.

नुसत्या सरळ रेषा. डोंगर नाही, गाठ नाही, दोन्ही टोकं सारखीच रुंद. मी तळव्याने इकडून घासून बघितली, तिकडून बघितली. तुमचा रंधा असता तर एका फटक्यात कळलं असतं. रफिकने विचारलं, "काय झालं, ताई?" मी काही नाही म्हटलं आणि अंदाजाने बाण काढून टाकला. "नक्की?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नक्की."

बायका कब्रस्तानात जात नाहीत, मी दारातच थांबले. माझे बाण मात्र तुमच्याबरोबर आले. संध्याकाळी रफिक परत आला तेव्हा मी विचारलं, फळ्या लागल्या नीट? म्हणाला, सगळ्या बाणाबरहुकूम. आणि ती शेवटची? ती डोक्याशी लागली, म्हणाला.

तेव्हा चाचा, ती फळी आता तुमच्या डोळ्यांसमोर आहे. तुम्ही आडवे आहात, निवांत आहात, दम लागत नाही. सावकाश बघून घ्या. बुंधा खाली असेल तर मला शाबासकी द्या. वर असेल तर मनसोक्त शिव्या घाला, मी इथे ऐकून घेते. पण उलटी लागलेली असूनही तुम्हाला गाढ झोप लागली असेल, तर मग मीच बरोबर होते, हे आतातरी कबूल करा. त्यासाठी उठू मात्र नका.